मेन, नेब्रास्का आणि मतदारसंघनिहाय निर्वाचक मते : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत 48 राज्यांमध्ये सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराच्या पदरात त्या राज्याची सगळी निर्वाचक मते, म्हणजे राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधींची (निर्वाचकांची) मते, पडतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये वेगळी आहेत. तेथे राज्यभरातील विजेत्याला दोन मते मिळतात आणि उरलेली मते प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांतील विजेत्यांना एकेक याप्रमाणे दिली जातात. हा अलीकडचा प्रयोग वाटत असला, तरी त्याची मुळे थेट अठराव्या शतकात जातात.

1787 च्या राज्यघटनेने निर्वाचक नेमण्याची रीत राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवली. 1796 मध्ये व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या थॉमस जेफरसन यांच्या बालेकिल्ल्यांत निर्वाचक विभागवार निवडले गेले आणि दोन्हीकडून एकेक मत जॉन अ‍ॅडम्स यांना गेले. अ‍ॅडम्स 71 विरुद्ध 68 असे जिंकले. ती दोन मते फिरली असती, तर जेफरसनच राष्ट्राध्यक्ष झाले असते. जानेवारी 1800 मध्ये जेम्स मन्रो यांना लिहिलेल्या पत्रात जेफरसन यांनी विभागवार निवड सर्वत्र होणार असेल तर तीच उत्तम, हे मान्य केले. मात्र 10 राज्ये तसे करत नसताना उरलेल्या 6 राज्यांनी ती चालू ठेवणे हा निव्वळ मूर्खपणा आहे, असेही बजावले. व्हर्जिनियाने त्याच वर्षी पद्धत बदलली. मॅसॅच्युसेट्सने अ‍ॅडम्स यांच्या सोयीसाठी निर्वाचकांची निवड मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. तत्त्व सर्वांना पटत होते, पण एकट्याने ते पाळण्यात तोटा होता. पुढचा सारा इतिहास या पेचातूनच घडला आहे. 1836 पर्यंत, साउथ कॅरोलायनाचा अपवाद सोडता, सर्व राज्यांत ‘विजेत्याला सर्व मते’ हीच पद्धत रुळली होती.

मिशिगनमध्ये 1891 साली डेमोक्रॅटिक बहुमताने विभागवार कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने 1892 मध्ये तो वैध ठरवला आणि त्या वर्षी राज्याची 14 मते 9 व 5 अशी विभागली गेली. सत्ता पालटताच कायदा रद्द झाला.

1968 च्या तिरंगी लढतीनंतर, एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मतांवर कोणी सगळी निर्वाचक मते नेऊ शकेल या चिंतेतून, मेनने 1969 मध्ये जुनी पद्धत परत आणली. 1820 च्या दशकात ती तेथे होतीच. नेब्रास्काने 1991 मध्ये तोच मार्ग धरला. दोन्ही राज्यांत मते फुटायला मात्र बराच काळ गेला: 2008 मध्ये ओमाहा शहराचा समावेश असलेला नेब्रास्काचा दुसरा मतदारसंघ बराक ओबामा यांनी जिंकला, तर 2016 मध्ये मेनचा दुसरा मतदारसंघ डॉनल्ड ट्रम्प यांनी.

2024 मध्ये ओमाहाच्या या एका मताला विलक्षण वजन आले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया जिंकूनही डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना बहुमताचा 270 चा आकडा गाठण्यासाठी ओमाहाचे मत लागले असते. ते नसते, तर 269–269 अशी बरोबरी होण्याची शक्यता होती. ओमाहातील अंगणांत त्या काळात पांढऱ्या फलकांवर केवळ एक निळा (डेमोक्रॅटिक पक्षाच्या रंगाचा) ठिपका झळकत होता, एकही अक्षर नव्हते. रिपब्लिकन नेत्यांनी कायदा बदलण्यासाठी जोर लावला, परंतु त्यांच्याच पक्षातील ओमाहाचे सदस्य माइक मॅकडॉनेल यांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर नियम बदलण्यास नकार दिला. हॅरिस यांनी तो मतदारसंघ जिंकला, तरी निवडणूक त्या हरल्या.

ही पद्धत निर्दोष आहे असे मुळीच नाही. मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळेच आखत असतील, तर सोयीने आखलेल्या सीमांचा दोष थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालात उतरू शकतो, आणि हा आक्षेप गंभीर आहे. नेब्रास्कातील वाद मात्र या आक्षेपापेक्षा आकड्यांभोवतीच फिरत राहिला आहे. एप्रिल 2025 मध्ये 49 सदस्यांच्या विधिमंडळात चर्चा थांबवण्यासाठी 33 मते हवी असताना 31 च मिळाली आणि पद्धत बदलणारे विधेयक अडले.