गारदी

गारदी : अठराव्या शतकात दख्खनमधील दरबारांनी पदरी ठेवलेले, युरोपीय धर्तीची कवायत शिकलेले पगारी पायदळ, पुढे पेशव्यांच्या वाड्यावरील पहाऱ्याची पलटण. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे आहे ते शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे. मात्र पानिपतावर शेवटपर्यंत लढणारा इब्राहिमखानही गारदीच होता आणि त्याआधी सदाशिवरावभाऊंवर मारेकरी घालणारा मुजफ्फरखानही गारदीच. अवघ्या चौदा वर्षांत एकाच तऱ्हेच्या फौजेने धन्यावर उगारलेला हात, धन्यासाठी सोसलेला संहार आणि धन्याचा प्रत्यक्ष खून असे तिन्ही प्रकार दाखवले. त्यामुळे ‘गारदी म्हणजे बेइमान’ हे समीकरण सोयीचे असले तरी पुरे पडत नाही. गारद्याची निष्ठा पगाराशी आणि पगार देणाऱ्या माणसाशी बांधलेली होती. तो माणूस नेमका कोण, याचे उत्तर पुण्याच्या वाड्यातच एक उरले नाही, तेव्हा अनर्थ झाला.

शब्द आला तो पहारा किंवा रक्षकदल या अर्थाच्या युरोपीय ‘गार्द’वरून. फौज आली फ्रेंचांमुळे. निजामाच्या गादीचा तंटा चालू असताना फ्रेंच सेनानी बुसी सलाबतजंगाच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याच्या हाताखाली दख्खनी, तेलंगी, हबशी, उत्तर हिंदुस्थानी अशा मिसळीच्या पलटणी तयार झाल्या. एका हुकमासरशी बंदुकांची फैर झाडणारे, रांग न मोडणारे आणि हलक्या तोफा सोबत बाळगणारे पायदळ मराठ्यांना नवे होते. १७५१ च्या नोव्हेंबरात कुकडीच्या काठी, चंद्रग्रहणाच्या रात्री नानासाहेब पेशवे पूजाअर्चेत असताना बुसीने छावणीवर घाला घातला; पेशव्यांची पूजेची उपकरणीसुद्धा शत्रूच्या हाती गेली. असे पायदळ आपल्याकडेही हवे, ही गोष्ट पुणेकर मुत्सद्द्यांना पटवून देण्याची गरज त्यानंतर राहिली नाही.

हे पायदळ मराठी फौजेच्या जुन्या घडीत बसणारे नव्हते. सरदाराला सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख) असे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगीर सरकारी पागेतला घोडा घेई. लूट, वतन, इनाम, गावकीतले मानपान यांच्या धाग्यांनी ही माणसे राज्याशी बांधलेली असत. पगार थकला म्हणून शिलेदार कुरकुर करी, घरी निघून जाई, पण त्याचे वतन याच मुलखात असे. गारद्याला मुलखात काहीच नव्हते. त्याचा करार दरमहा रोख रोजमुऱ्याचा, आणि तोही बहुधा जमादारामार्फत, म्हणजे तुकडीच्या नायकामार्फत. सरकार जमादाराला देणार आणि जमादार शिपायाला. म्हणजे शिपायाचा पहिला धनी जमादार आणि पेशवा पलीकडचा. जमादार फिरला की पलटण फिरली. पेशव्यांची स्वतःची हुजुरात (खासे घोडदळ) होती, खासगीचे हुजरे (वाड्यातले चाकर) होते, किल्ल्यांवर शिबंदी (राखणीचे शिपाई) होती. त्या सगळ्यांत गारदी हे सर्वांत शिस्तीचे आणि सर्वांत कमी मुळे धरलेले.

मुजफ्फरखानाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तो पेशव्यांचा गारदी सरदार. बिनसल्यावर नोकरी सोडून सावनूरच्या नबाबाकडे गेला. नबाब त्याला परत देईना, तेव्हा १७५६ मध्ये पेशवे आणि निजाम या दोघांच्या फौजा सावनूरवर गेल्या. एका भाडोत्री सरदाराचे पळून जाणे हे दोन दरबारांच्या मोहिमेचे निमित्त ठरले, यावरून अशा माणसाची किंमत कळते. पुढे नानासाहेबांनी त्याला पुन्हा चाकरीत घेतले. सदाशिवरावभाऊंना ते पसंत नव्हते. १७५९ मध्ये पुण्यात गारपिरावर भाऊंवर वार झाला. ते बचावले, कटाचे सूत्र मुजफ्फरखानाकडे निघाले आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्याचा नातलग इब्राहिमखान मात्र त्याच सुमारास भाऊंच्या विश्वासातला झाला. मारेकऱ्याच्या नात्यातला माणूस लगोलग फौजेच्या आघाडीवर नेमणे आज चमत्कारिक वाटते. पण भाऊंनी नाते पाहिले नाही, तोफखाना पाहिला.

इब्राहिमखान पानिपतावर सुमारे आठ-नऊ हजार गारदी आणि तोफा घेऊन उभा होता. अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लढाईची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यात १४ जानेवारी १७६१ च्या सकाळचा एक प्रसंग आहे. इब्राहिमखान भाऊंपुढे आला, मुजरा केला आणि म्हणाला की, माझ्या लोकांचा दरमहा पगार वेळच्या वेळी मिळावा म्हणून मी हट्ट धरीत आलो, त्याचा आपणांस राग आहे. या महिन्यात तर काहीच मिळालेले नाही. तरी ते असो. आजवर आम्ही पगार फुकट खाल्ला नाही, हे आज दाखवतो. एवढे बोलून त्याने निशाण स्वतः हाती घेतले, गोळीबार थांबवला आणि संगिनी लावून रोहिल्यांवर चाल केली. त्या बाजूला रोहिल्यांची फार मोठी हानी झाली आणि गारद्यांच्याही बहुतेक पलटणी तेथेच संपल्या. खान जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत त्याचा अंत झाला. परधर्मीयांच्या बाजूने लढल्याचा ठपका त्याच्यावर होता, बाजू बदलण्याची संधीही त्याला अनेकदा मिळाली असती.

काशीराज शब्दशः खरे सांगतो की नाही हा वेगळा प्रश्न. तो समोरच्या गोटात होता. पण पगाराची तक्रार आणि प्राण देण्याची तयारी एकाच तोंडी घालताना त्याला विसंगती वाटली नाही, हे लक्षात घ्यावे. पगार मागणे म्हणजे निमकहरामी, ही समजूत सरदारांची होती. वेतनावर जगणाऱ्या शिपायाच्या हिशेबात थकबाकी मागणे आणि इमान राखणे यांत विरोध नव्हता. मराठी छावणीत होळकरांसारख्या जुन्या गनिमी काव्याच्या सरदारांना गारद्यांचे महत्त्व खुपत होते. गोल बांधून तोफांच्या आधाराने लढायचे की घोड्यावर मोकळे राहायचे, हा वाद होताच; त्याला रोख पगार घेणाऱ्या उपऱ्या पायदळाबद्दलच्या रागाची जोड होती.

पानिपतानंतरही गारदी पुण्यात राहिले, पण काम बदलले. आता त्यांच्या तुकड्या शनिवारवाड्याच्या देवड्यांवर पहाऱ्याला दिसू लागल्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला थोरले माधवराव वारले आणि सतरा वर्षांचे नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव यांना पेशवाई हवी होती. माधवरावांशी झालेल्या धोडपच्या लढाईतील पराभवानंतर १७६८ पासून ते वाड्यातच नजरकैदेत असत. माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत समेट झाला, पण १७७३ च्या उन्हाळ्यात त्यांच्यावर पुन्हा चौक्या बसल्या. कैद म्हणायची, तर कैदी त्याच वाड्यात, त्याच कुटुंबात, स्वतःच्या हुजऱ्यांसह आणि कारभाऱ्यांशी बोलण्याची वाट मोकळी. बाहेरच्या शिपायाच्या दृष्टीने पाहिले तर वाड्यात दोन श्रीमंत होते. एकाचा हुकूम आज चालतो आणि दुसऱ्याचा उद्या चालेल असे बोलले जाते. पगार दोघांपैकी कोणीच वेळेवर देत नाही. अशा जागी पहारेकऱ्याला फितवण्यासाठी फार मोठी कारस्थाने लागत नाहीत.

सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ हे त्या कटातले गारदी जमादार. त्यांना जोडून देणारा दुवा तुळाजी पवार, हा रघुनाथरावांचा खासगीतला चाकर. ३० ऑगस्टच्या सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. गारद्यांत काही शिजते आहे अशी कुणकुण रघुजी आंग्र्यांनी त्यांच्या कानावर घातली. पेशव्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत आधी ठरलेल्या जेवणाला गेले. परत येऊन पाहू, असा विचार. हरिपंतांना इतिहासकारांनी यावरून बरेच सुनावले आहे. पण गारद्यांचा पगारासाठी गलका ही त्या दिवसांत रोजचीच गोष्ट होती, आणि रोजच्या गलक्यासाठी कोणी ताटावरून उठत नाही.

दुपारी गारदी थकलेल्या पगाराचा तगादा लावत वाड्यात घुसले. आत येण्याचे निमित्त खरे होते, हेतू वेगळा होता. आवाजाने जागे झालेले नारायणराव चुलत्याच्या दालनाकडे धावले आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक मराठीत म्हणीसारखी रुळली आहे. तुळाजी पवाराने पेशव्यांना पाय धरून ओढले. त्या क्षणी चाफाजी टिळेकर हा पेशव्यांचा हुजऱ्या धन्याच्या अंगावर आडवा पडला. सुमेरसिंगाच्या तलवारीखाली दोघेही गेले. इच्छारामपंत ढेऱ्यांसह वाड्यातली आणखीही माणसे कापली गेली. तुळाजी आणि चाफाजी हे दोघेही एकाच वाड्यातले, एकाच दर्जाचे चाकर. कवायती पलटणींचा एवढा खर्च करून शेवटी पेशव्याचे रक्षण करायला एक निःशस्त्र हुजऱ्या उरला, आणि मारेकऱ्यांना वाटही एका हुजऱ्यानेच दाखवली.

गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’चे ‘मारावे’ करणाऱ्या आनंदीबाईंची, म्हणजे रघुनाथरावांच्या पत्नीची, कथा सर्वश्रुत आहे. तिला पुरावा म्हणावा असा कागद मिळालेला नाही. या कथेने एक नुकसान मात्र केले. सगळा दोष एका बाईच्या लेखणीवर गेला आणि वाड्याचा पहारा कसा पोखरला होता, ही चौकशी मागे पडली. तशी चौकशी त्या काळी झाली होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काही आठवड्यांत तपास करून सुमारे पन्नास जणांचा संबंध दाखवला. त्यांत गारदी तेराच होते : आठ उत्तर हिंदुस्थानी हिंदू आणि पाच मुसलमान. उरलेल्यांत सर्वाधिक भरणा ब्राह्मणांचा, त्याखेरीज काही प्रभू व मराठे. ज्या कटाला लोक ‘गारद्यांचा कट’ म्हणतात, त्यात गारदी चौथ्या हिश्शाच्या आसपास होते. बाकीचे सगळे घरचे. रघुनाथरावांना देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असा निकाल देऊन रामशास्त्र्यांनी पुणे सोडले.

खुनानंतर वाडा गारद्यांच्या ताब्यात होता आणि नव्या पेशव्याला पहिली किंमत त्यांनाच मोजावी लागली. ज्या पहाऱ्याने गादी मिळवून दिली त्याला रघुनाथराव दुखवूही शकत नव्हते आणि त्याच्यावर विसंबूही शकत नव्हते. मोहिमेच्या निमित्ताने ते पुण्याबाहेर पडले आणि मागे सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे आदी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध जूट करून बारभाईंचे कारस्थान उभे केले. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आली. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. या वेळी रक्षणासाठी पलटणीवर भिस्त न ठेवता डोंगरी किल्ला निवडला गेला, हे विशेष. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि सालबाईच्या तहापर्यंत म्हणजे १७८२ पर्यंत इंग्रज-मराठे युद्ध चालले.

मारेकऱ्यांचा पाठलाग बारभाईंनी चिकाटीने केला. महंमद इसफ सापडला आणि मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते. पुण्याशी हैदरचे जमले तेव्हा त्याने दोघांना पुणेकरांच्या स्वाधीन केले व त्यांना हाल करून ठार मारण्यात आले. सुमेरसिंग शिक्षेआधीच मेला.

‘गारदी’ हे नाव यानंतर बदनाम झाले, पण पद्धत तशीच राहिली. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या युरोपीय सेनानीकरवी कंपू (कवायती पलटणी) उभे केले आणि त्यांच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला. पगार नियमित होता तोवर हे कंपू अभेद्य राहिले. मात्र त्यांचे अधिकारी परके होते : १७९७ च्या अखेरच्या दिवशी नाना फडणिसांना कैद केले ते सुरक्षिततेचा शब्द देणाऱ्या फिलोज या शिंद्यांच्या नेपल्सकर अधिकाऱ्याने, आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले.

गायकवाडांच्या बडोद्यात हीच गोष्ट अरबांच्या बाबतीत घडली आणि तिथे ती अधिक उघडपणे व्यवहाराची होती. अरब जमादार राजवाड्याचा पहारा करीत आणि दरबाराच्या कर्जांना, करारांना जामीनही राहत. या जामिनकीला बहांदरी म्हणत. सावकार अरबाच्या शब्दावर पैसे देई. थकबाकी वाढली की जमादार राजालाच अडकवून ठेवी. आनंदराव गायकवाड अशा रीतीने स्वतःच्या पहारेकऱ्यांचे कैदी झाले. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने लढून अरबांना बडोद्याबाहेर काढले, त्यांचा थकलेला पगार चुकता करण्यात आला, आणि अरबांकडची बहांदरी कंपनीने स्वतःकडे घेतली.