न लुकलुकणारा दिवा आणि सिम्युलेटरची निवड

दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि दोन एलईडी एवढ्या सामानात आळीपाळीने लुकलुकणारे दिवे तयार होतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जडलेल्या बहुतेकांनी हे सर्किट कधी ना कधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून जोडायच्या छिद्रांच्या पाटीवर) जोडलेले असते. ट्रान्झिस्टरच्या बेस या टोकाला जोडलेले रेझिस्टर 47 किलोओहमचे आणि कपॅसिटर 22 मायक्रोफॅरडचे घेतले, तर प्रत्येक दिवा साधारण 0.7 सेकंद पेटतो आणि तेवढाच वेळ विझलेला राहतो; रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराला 0.693 ने गुणले की हा काळ मिळतो. हेच सर्किट एखाद्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काढून चालवले, तर मात्र पुष्कळदा काहीच घडत नाही. दोन्ही दिवे पेटलेलेच राहतात आणि आलेखावर सरळ आडवी रेष उमटते. जोडणी बरोबर असते, मूल्येही बरोबर असतात. नवशिक्याचा सॉफ्टवेअरवरचा विश्वास नेमका इथे डळमळतो. सिम्युलेटर कोणता निवडावा या प्रश्नाचे उत्तर मला या न लुकलुकणाऱ्या दिव्यापासूनच सुरू करावेसे वाटते.

असे घडण्याचे कारण समजण्याजोगे आहे. घड्याळ सुरू करण्याआधी हा प्रोग्रॅम सर्किटची स्थिर अवस्था शोधतो. त्या अवस्थेत कपॅसिटरमधून प्रवाह वाहत नाही असे धरले जाते, त्यामुळे दोन्ही ट्रान्झिस्टर पूर्ण चालू ठरतात, आणि पूर्ण चालू असलेल्या ट्रान्झिस्टरला बेसवरचा लहानसा बदल वाढवून पुढे ढकलता येत नाही. सर्किट तिथेच अडकते. टेबलावरच्या सर्किटला वीज मिळते तेव्हा व्होल्टेज शून्यापासून वर चढते, दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि जो किंचित आधी चालू होतो तो दुसऱ्याला बंद पाडतो. प्रोग्रॅमला हे आपण सांगावे लागते: बॅटरी शून्यापासून चढू दे, किंवा एका कपॅसिटरवर आधीच थोडे व्होल्टेज आहे असे धर. तेवढे सांगितले की दिवे लुकलुकू लागतात.

म्हणजे सिम्युलेटर ही सर्किटची हुबेहूब प्रतिकृती नसून समीकरणे सोडवण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक जोडबिंदूपाशी येणारे आणि जाणारे प्रवाह सारखे असले पाहिजेत, हा किरखॉफचा नियम तो प्रत्येक बिंदूसाठी मांडतो आणि सगळी समीकरणे एकत्र सोडवतो. नुसते रेझिस्टर असतील तर हे काम सरळ असते. डायोड किंवा ट्रान्झिस्टर आला की अवघड होते, कारण डायोडवरचे व्होल्टेज जेमतेम 60 मिलिव्होल्टने वाढले तरी त्यातला प्रवाह सुमारे दहापट होतो. मग प्रोग्रॅम एक अंदाज घेतो, त्या ठिकाणची स्पर्शरेषा काढतो, अंदाज सुधारतो, आणि उत्तर स्थिरावेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतो. कपॅसिटर आणि कॉइल यांच्यासाठी तो काळाचे बारीक तुकडे पाडतो. उत्तर स्थिरावत नसेल तर तो तुकडे आणखी बारीक करत जातो आणि शेवटी 'टाइम स्टेप टू स्मॉल' असा संदेश देऊन थांबतो. ग्राउंडचे चिन्ह विसरल्यावर येणारी चूकही याच जातीची आहे: व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचे हेच ठरलेले नसेल, तर समीकरणांना एकच एक उत्तर राहत नाही.

या पद्धतीचा मूळ प्रोग्रॅम म्हणजे स्पाइस. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो लिहिला, आणि 1973 मध्ये तो जगापुढे आला. एका चिपवर कोरायचे सर्किट सुटे भाग जोडून तपासता येत नाही, कारण सुट्या भागांचे गुणधर्म चिपमधल्या भागांसारखे नसतात. त्यामुळे गणिताचाच आधार घेणे भाग होते. विद्यापीठाने हा प्रोग्रॅम खुला ठेवला, म्हणून आजच्या कित्येक सिम्युलेटरांच्या पोटात त्याचेच वंशज आहेत. त्या काळी सर्किटचे वर्णन छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून संगणकाला देत असत. आजही स्पाइसच्या फाइलमधली पहिली ओळ शीर्षक मानली जाते, आणि तिथे चुकून एखादा रेझिस्टर लिहिला तर तो सर्किटमधून निमूट गायब होतो.

आता निवडीकडे वळू. कोणते सॉफ्टवेअर उत्तम, असे विचारण्याआधी मला या सर्किटविषयी काय जाणून घ्यायचे आहे, हे विचारावे. प्रवाह कुठून कुठे जातो हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पॉल फाल्स्टॅड यांचा ब्राउझरमध्ये चालणारा सिम्युलेटर मला सर्वांत आवडतो. त्यात तारांमधून पिवळे ठिपके सरकतात, धन व्होल्टेजची तार हिरवी आणि ऋण व्होल्टेजची लाल दिसते, आणि रेझिस्टरचे मूल्य सरकपट्टीने बदलले की परिणाम तत्क्षणी समोर येतो. शाळकरी मुलाला कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो म्हणजे काय, हे समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. अचूक मोजमापासाठी मात्र त्यावर विसंबू नये.

अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डसाठी लिहिलेला कोड तपासायचा असेल तर टिंकरकॅड किंवा वोकवी घ्यावा. टिंकरकॅडमध्ये ब्रेडबोर्ड ब्रेडबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे अगदी पहिल्या दिवसासाठी तो योग्य आहे. वोकवीमध्ये ईएसपी 32 आणि रास्पबेरी पाय पिको यांसारखे बोर्डही चालतात. दोन्ही ठिकाणी खरा भर कोडवर आहे, ॲनालॉग भागांचे बारकावे तिथे शोधू नयेत.

ॲम्प्लिफायर, फिल्टर किंवा पॉवर सप्लाय करायचा असेल, तर स्पाइसच्या घराण्यातले सॉफ्टवेअर शिकण्याला पर्याय नाही. माइक एंगलहार्ट यांनी लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीत लिहिलेले आणि आता ॲनालॉग डिव्हायसेसकडे असलेले एलटीस्पाइस विनामूल्य आहे, वेगवान आहे, आणि त्याचा वापर इतका पसरला आहे की अडचण आली तर कुणीतरी ती आधीच सोडवलेली असते. ते विंडोज आणि मॅकसाठी मिळते. लिनक्स वापरणाऱ्याने, किंवा सर्किट तपासून लगेच पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) काढायचा आहे अशा माणसाने, किकॅड घ्यावे. त्यात एनजीस्पाइस हे मुक्त इंजिन आतच बसवलेले आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस यांच्याच आधाराने ईसिम तयार केले आहे. महाविद्यालयाला महागडे परवाने परवडत नसतील, तर विद्यार्थ्यांनी याचा जरूर विचार करावा. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पहिले दोन आठवडे फाल्स्टॅडवर घालवावेत आणि मग थेट एलटीस्पाइस किंवा किकॅड गाठावे; मधल्या दहा सॉफ्टवेअरांची चाचणी घेण्यात उत्साह संपून जातो.

स्पाइसमध्ये पाऊल टाकताच एक चूक जवळजवळ सगळेच करतात. तिथे लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद नाही, आणि 'एम' म्हणजे मिलि. 1 मेगाओहम लिहायचा असेल तर 'मेग' असे लिहावे लागते. नुसता 'एम' लिहिला तर रेझिस्टर शंभर कोटी पटींनी लहान होतो आणि प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता उत्तर देतो.

तक्रार न करणे हाच या साधनांचा सर्वांत जपून राहण्याजोगा गुण आहे. एलईडीला रेझिस्टर न लावता बॅटरी जोडली तर टिंकरकॅड इशारा देते. स्पाइस मोठ्या प्रवाहाचा आकडा दाखवून मोकळे होते. ट्रान्झिस्टरचे मॉडेल म्हणजे तर काही आकड्यांची एक यादी. बीसी 547 या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचा प्रवाहवर्धनांक (बेसमधला प्रवाह तो किती पटींनी वाढवतो तो आकडा) प्रत्यक्षात 110 पासून 800 पर्यंत कुठेही असू शकतो, आणि मॉडेलमध्ये त्यासाठी एकच आकडा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील मूल्याच्या 20 टक्के वर किंवा खाली असेल, तर आपला 0.7 सेकंदांचा दिवा 0.57 पासून 0.86 सेकंदांपर्यंत कितीही वेळ पेटू शकतो. म्हणून सर्किट एकदा चालवून थांबू नये. मूल्ये दोन्ही टोकांना नेऊन पाहावीत. एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस दोन्हींत हे करता येते.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा दुसरा धडा इथे कामी येतो. हेच सर्किट 12 व्होल्टवर चालवले की बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस काही क्षण उणे 11 व्होल्टच्या आसपास जातो. बीसी 547 चा बेस-एमिटर जोड उलट दिशेने सुमारे 6 व्होल्टच सहन करण्यासाठी बनवलेला आहे. त्यापलीकडे तो झेनर डायोडसारखा, म्हणजे उलट दिशेनेही, वाहू लागतो, दिव्याचा काळ घटतो आणि ट्रान्झिस्टरची वर्धनक्षमता हळूहळू खालावते. स्पाइसच्या मूळ ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये हा जोड फुटणे धरलेलेच नाही, त्यामुळे आलेख निर्दोष दिसतो. तेव्हा आलेखावरचा उणे 11 हा आकडा उत्पादकाच्या डेटाशीटशी (भागाच्या मर्यादा सांगणाऱ्या माहितीपत्रकाशी) ताडून पाहणे आपल्याकडेच राहते, आणि तो ताडल्यावर प्रत्येक एमिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक 1एन4148 डायोड घालावा लागतो. सिम्युलेटरच्या आलेखात या डायोडने फारसा फरक पडलेला दिसणार नाही; ब्रेडबोर्डवर मात्र त्याच्यामुळे ट्रान्झिस्टर वाचतात.