संगणक कसा गळून पडला: टेबलावरच्या इंटरनेट फोनची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीचं ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर आलं. ते वापरायला विंडोज असलेला संगणक, साउंड कार्ड, मायक्रोफोन आणि मोडेम हवा. समोरच्याकडेही हेच सगळं हवं, आणि दोघं एकाच वेळी ऑनलाइन असायला हवेत. त्या काळची बरीच साउंड कार्डं एका वेळी एकतर आवाज आत घेत किंवा बाहेर सोडत. त्यामुळे एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं.

आवाजाचे छोटे तुकडे (पॅकेट) करून ते जाळ्यावरून पाठवण्याची कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि सहकाऱ्यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरून दक्षिण कॅलिफोर्नियातली आयएसआय ही संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात थेट संभाषण करून दाखवलं होतं. तेव्हा १९९५ नंतरचा खरा प्रश्न वेगळा होता: या सगळ्यात संगणक नेमकं काय करतो, आणि ते काम दुसरं कोण करू शकेल?

आवाजाचं काम सर्वांत आधी सुटलं. साध्या टेलिफोन दर्जासाठी सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे ६४ किलोबिट. हेच जी.७११ कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत. २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून ते जाणं शक्यच नव्हतं. १९९६ मध्ये आवाज दाबून लहान करणारे दोन कोडेक प्रमाणित झाले: जी.७२३.१ (५.३ किंवा ६.३ किलोबिट) आणि जी.७२९ (८ किलोबिट). ही आकडेमोड डीएसपी ही अशाच कामासाठीची एक स्वस्त चिप एकटी करू शकत होती. पण या आकड्यांवर विसंबून राहू नये. जी.७२९ मध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज २० बाइटमध्ये मावतो, आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी या पाठवणीच्या नियमांची शीर्षकं (पत्ता, क्रम वगैरे माहिती) मिळून ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी ५० पॅकेट, म्हणजे प्रत्यक्षात २४ किलोबिट. जी.७११ ला याच हिशेबाने ८० किलोबिट लागतात, इथरनेटची (केबलच्या स्थानिक जाळ्याची) चौकट धरली तर सुमारे ८७. दोन्ही दिशांना तेवढेच.

आवाजापेक्षा समोरच्याला शोधणं जास्त अवघड निघालं. डायल-अपवर दर जोडणीला नवा आयपी पत्ता मिळे, मग ‘फोन लावायचा’ तो कुठे? १९९८ च्या सुमारास आलेल्या ॲप्लिओ या छोट्या डब्याने यावर एक वळसा काढला. डबा साध्या फोनला जोडायचा. आधी नेहमीसारखा फोन लावायचा, समोरच्यानेही आपल्या डब्याचं बटण दाबायचं आणि कॉल तोडायचा. मग दोन्ही डबे आपापल्या इंटरनेट सेवेला डायल करत, कंपनीच्या सर्व्हरमार्फत एकमेकांचे पत्ते मिळवत आणि दोन्हीकडे पुन्हा रिंग वाजे. घरगुती वापरातून संगणक इथे खरोखर गेला, पण प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला जुनं एक्सचेंज लागायचंच, आणि दोन्हीकडे तोच डबा असणं भाग होतं.

कार्यालयांत वाट वेगळी होती, कारण तिथे इथरनेटचं जाळं चोवीस तास चालू असे. सेल्सियस सिस्टिम्स या कंपनीने थेट इथरनेटला लागणारा फोन बनवला, आणि १९९८ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. हे फोन मध्यवर्ती सर्व्हर सांगेल तेवढंच करत: कुठलं बटण दाबलं ते कळवायचं, पडद्यावर काय दाखवायचं ते विचारायचं. त्यासाठी सिस्कोची स्वतःची ‘स्किनी’ भाषा होती. त्याच काळात कोमोडो टेक्नॉलॉजीने जुना फोन इंटरनेटला जोडणारं ॲडॅप्टर केलं. २००० मध्ये तीही कंपनी सिस्कोकडे गेली आणि ते यंत्र एटीए १८६ या नावाने विकलं गेलं.

या सगळ्यात निर्णायक ठरलं ते एसआयपी, म्हणजे कॉल जुळवण्याची सामायिक भाषा, असं आमचं ठाम मत आहे. त्याच कामाचं १९९६ चं एच.३२३ हे प्रमाण आयएसडीएनच्या (डिजिटल टेलिफोन लाइनच्या) जगातून आलेलं, अवजड. एसआयपी मार्च १९९९ मध्ये आलं आणि जून २००२ मध्ये आज वापरात असलेल्या रूपात ठरलं. त्याचे संदेश साधा मजकूर असतात. शोधण्याचा प्रश्न त्यात सरळ सुटला: फोन चालू झाला की ‘मी अमुक, सध्या या पत्त्यावर आहे’ असं रजिस्ट्रार सर्व्हरला कळवतो आणि ठरावीक वेळाने, बहुतेकदा ३,६०० सेकंदांच्या आत, पुन्हा कळवतो. कुठल्याही कंपनीचा फोन, कुठल्याही कंपनीचा सर्व्हर. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेल्या ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरमुळे तो सर्व्हर फुकटही मिळू लागला.

वीज हा पुढचा अडसर. जुन्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चाले. जून २००३ च्या ८०२.३एएफ प्रमाणाने नेटवर्क केबलमधूनच वीज देता आली (हेच पीओई): पोर्टवर १५.४ वॉट, उपकरणापर्यंत १२.९५ वॉट. टेबलावरच्या फोनला त्याहून बरीच कमी पुरते. पण स्विच (जाळ्याच्या केबली जिथे जुळतात तो डबा) आणि राउटर यूपीएसवर नसतील, तर वीज गेल्यावर हा फोन मुका होतो. आणीबाणीचा नंबर लावण्यासाठी केवळ याच फोनवर अवलंबून राहू नये, ते यासाठी. शिवाय त्या कॉलबरोबर जाणारा जागेचा पत्ता सेवा देणाऱ्याकडे नोंदवलेला असतो. फोन उचलून दुसऱ्या जागी नेला की नोंद आपणच बदलायची.

मग उरला राउटर. घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी बाहेर एकच पत्ता असतो. फोन मात्र आवाज कुठे पाठवायचा हे सांगताना आपला आतला पत्ता (१९२.१६८ ने सुरू होणारा) देऊन मोकळा होतो. आजही सर्वाधिक तक्रारी इथूनच येतात, आणि लक्षणावरून कारण ओळखता येतं. एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असेल, तर तो हाच चुकीचा पत्ता. त्यावर २००३ मध्ये स्टन हे तंत्र आलं: फोन बाहेरच्या सर्व्हरला विचारतो, ‘मी तुला कुठल्या पत्त्यावर दिसतो?’ काही प्रकारच्या राउटरपुढे स्टन अपुरं पडतं. तिथे सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरनेच, पॅकेट प्रत्यक्ष जिथून आलं तिकडे उत्तर पाठवावं लागतं. फोन बाहेर लागतो, पण थोड्या वेळाने येणारे कॉल वाजायचे थांबतात? राउटर शांत असलेली यूडीपी वाट विसरला. कीप-अलाइव्ह (वाट जागी ठेवणारा छोटा संदेश) २० ते ३० सेकंदांवर ठेवा. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर कॉल उचलल्याची पोच समोर पोहोचलीच नाही. एसआयपीची मुदत ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट, म्हणजे नेमकी तेवढीच असते. या तिन्हींत राउटरमधलं एसआयपी एएलजी सर्वांत आधी बंद करून पाहावं. मदत म्हणून घातलेली ही सोय संदेशातले पत्ते अर्धवट बदलते आणि बरेचदा तीच घात करते.

जोडणी छोटीच आहे. राउटरची केबल ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’ लिहिलेल्या पोर्टमध्ये घालावी. शेजारचं ‘पीसी’ पोर्ट संगणकासाठी असतं, आणि दोन्ही पोर्ट एकाच स्विचला जोडली तर लूप होऊन, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहून, सगळं जाळं बसू शकतं. हँडसेट आणि हेडसेटची खाच सारखीच असते. आवाजच नसेल तर तिथे पाहावं. मेनूत सर्व्हर, युजर, ऑथेंटिकेशन आयडी आणि पासवर्ड भरायचे, की-पॅडवरून किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फोनचा आयपी टाकून. लॉगमध्ये (फोनच्या नोंदींत) आधी ४०१ हा संकेतांक दिसला तर घाबरू नये, ती पासवर्डची नेहमीची मागणी असते. त्यानंतरही ४०१ किंवा ४०३ येत राहिलं तर भरलेली माहिती तपासावी. एन्क्रिप्टेड जोडणीत फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र नाकारलं जातं. वेळेचा सर्व्हर आधी भरावा.

२००६ च्या सुमारास संगणकाशिवाय चालणारे स्काइप फोनही आले. फिलिप्सचा व्हीओआयपी८४१ त्यातला एक, थेट राउटरला लागणारा. ते वापरायला एसआयपी फोनपेक्षा सोपे होते. पण त्यांची भाषा एकाच कंपनीच्या हाती होती, आणि मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं.

म्हणून जुना फोन विकत घेताना पडदा आणि बटणं नंतर पाहावीत. आधी फर्मवेअर (फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर) एसआयपीचं आहे का ते पाहावं. सिस्को ७९६० वर स्किनी किंवा एसआयपी, दोन्हींपैकी काहीही असू शकतं. हाच फोन ८०२.३एएफच्या आधीच्या सिस्को पद्धतीने वीज घेतो, त्यामुळे साध्या पीओई स्विचवर तो चालू होत नाही, वेगळा पॉवर ॲडॅप्टर लागतो. फोन एखाद्या सेवेला कुलूपबंद तर नाही ना, हे फॅक्टरी रीसेट करून, मेनूत सर्व्हरचं खातं बदलता येतं का ते पाहूनच पैसे द्यावेत.