राखीव मतदारसंघ वेगळा, पेसा क्षेत्र वेगळं

नाशकात जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ मी फॉर्म भरून देतो. मागच्या पावसाळ्यात निफाडकडचा एक भिल्ल मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. जागा पेसा भरतीची, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या स्थानिकांसाठीची. जातीचा दाखला होता, वैधताही होती, पण पेसा क्षेत्रातला स्थानिक असल्याचा पुरावा नव्हता. "दादा, आमचा खासदार एसटीचाच असतो ना? मग आमचं गाव पेसात कसं नाही?"

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. नाशकात चांगले शिकलेलेही इथंच घसरतात.

निफाड दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं आणि दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी (एसटी) राखीव आहे. येवला, चांदवड, नांदगावही त्यातच. पण या चारही तालुक्यांत अनुसूचित क्षेत्राचं एकही गाव नाही. उलट इगतपुरी-त्र्यंबककडची पेसातली गावं मत देतात नाशिक लोकसभेला आणि बागलाणची धुळ्याला. दोन्ही जागा खुल्या. (विधानसभेला मात्र इगतपुरी आणि बागलाण राखीव आहेत, कळवण-दिंडोरीसारखेच. घोळात भर.)

मतदारसंघाचं राखीवपण हा लोकसंख्येचा हिशेब. कलम ३३० लोकसभेचं, ३३२ विधानसभेचं. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ पैकी ४ आणि विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा जमातींसाठी आहेत. कुठली जागा राखीव, ते परिसीमन आयोग ठरवतो. २००८ च्या फेररचनेआधी आपल्याकडे मालेगाव लोकसभा राखीव होती; ती गेली आणि दिंडोरी आली. बंधन फक्त उमेदवारावर असतं. मत सगळेच देतात, त्यामुळे पेठच्या वारली मतदाराइतकाच येवल्याचा कांदेवालाही हा खासदार निवडतो. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. दिंडोरीची निवडणूक कांद्याच्या भावावर गाजते, वनजमिनीच्या पट्ट्यांचा विषय भाषणाच्या शेवटी येतो. शिवाय या आरक्षणाला मुदत आहे, सध्या २५ जानेवारी २०३० पर्यंतची.

पेसा क्षेत्र हा आपला बोलण्यातला शब्द. संविधानात आहे 'अनुसूचित क्षेत्र', कलम २४४ आणि पाचवी अनुसूची. ते राष्ट्रपती जाहीर करतात. आपल्या जिल्ह्याची यादी १९८५ च्या आदेशातली: पेठ, सुरगाणा, कळवण हे तेव्हाचे तालुके सबंध आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणमधली ठरावीक गावं. त्र्यंबकेश्वर तेव्हा वेगळा तालुका नव्हता. एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करायचा नाही किंवा बदलून करायचा, हे राज्यपाल ठरवू शकतात. मुदतबिदत काही नाही.

वर १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा, आणि २०१४ चे राज्याचे नियम. इथं माणूस निवडून पाठवायचा नसतो, गावानं स्वतः बसायचं असतं. गौण वनोपज, दारूचं दुकान, सावकारी यांत ग्रामसभेला अधिकार आहेत आणि भूसंपादनाआधी तिला विचारावं लागतं. सगळ्यात मोलाची गोष्ट मला पाड्याची वाटते. एका ग्रामपंचायतीत पाचसहा पाडे, सभा मुख्य गावात, आणि घाट चढून तिथं जाणार कोण? बायका तर नाहीच. नियमांप्रमाणे पाडा ठराव करून स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो. मग सभा पाड्यावरच, शाळेच्या ओट्यावर. पाण्याचा विषय निघाला की हंडे खाली ठेवून बायका बोलतात, आणि ग्रामसेवकाला ते रजिस्टरात लिहावं लागतं.

गंमत म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवण ही तालुक्याची गावं आता नगरपंचायती आहेत. क्षेत्र अनुसूचितच, पण पेसा कायदा पंचायतींचा, म्हणून तिथं ही ग्रामसभा नाही.

त्या पोराला एवढं सगळं सांगत बसलो नाही. एसटीचं नोकरीतलं आरक्षण राज्यभर चालतं, पेसाच्या जागा तेवढ्या क्षेत्रातल्या स्थानिकांच्या, इतकंच म्हणालो आणि दुसऱ्या भरतीतली एसटीची साधी जागा शोधून दिली. फी भरताना त्यानं विचारलं, "खासदाराला सांगून आमचं गाव पेसात घालता येईल?"

"राष्ट्रपतींचा आदेश लागतो," म्हटलं.

"त्यांचा फॉर्म कुठं मिळतो?"