मुका 'के' आणि सोमवारचं नक्त

इंग्रजीत रात्रही 'नाइट' आणि चिलखत घातलेला घोडेस्वार सरदारही 'नाइट'. लिहिताना सरदाराच्या आधी एक 'के' येतो, एवढाच फरक. शाळेत हा 'के' म्हणजे निव्वळ छळ वाटायचा. पण हजार वर्षांपूर्वी तो मुका नव्हता. तेव्हा हा शब्द साधारण 'क्निख्त' असा म्हणत. त्याच्या जर्मन भाऊबंदाने, 'क्नेख्त'ने, आपला 'क' आजही सोडलेला नाही. मधली 'जीएच' ही जोडीही तेव्हा 'ख'सारखी घासून बोलली जाई. रात्रीच्या 'नाइट'मध्येसुद्धा. आपल्याकडे श्रावणी सोमवारी नक्त करतात, दिवसभर उपाशी राहून सूर्यास्तानंतर जेवतात. ते नक्त आणि ही नाइट एकाच प्राचीन शब्दाची नातवंडं. आपण 'क' राखला, इंग्रजांनी 'जीएच' ही त्याची नुसती खूण स्पेलिंगमध्ये ठेवली.

मांस आणि भेटणं, दोन्ही आज 'मीट'. पूर्वी दोन्हींत लांब 'ए' होता. मांस म्हणताना तोंड जास्त उघडायचं. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकत गेले आणि हे दोघे शेवटी 'ई'वर येऊन एक झाले. नेमक्या याच गडबडीत, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने इंग्लंडमध्ये, वेस्टमिन्स्टरला छापखाना आणला. छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, जिभा मात्र थांबल्या नाहीत. मोडण्याचा 'ब्रेक' तर 'ई'पर्यंत पोचलाच नाही आणि गाडीच्या ब्रेकला जाऊन भिडला.

बरं, स्पेलिंग पाठ असूनही आपण का फसतो? 1987 मध्ये व्हॅन ऑर्डेन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना शब्द दाखवून 'हे फूल आहे का?' असं विचारलं. पडद्यावर गुलाबाचा 'रोझ' नसून रांगांचा, तसाच ऐकू येणारा 'रोझ' आला, तरी काही वेळा 'हो' असं उत्तर आलं. तसंच दिसणाऱ्या पण वेगळ्या उच्चाराच्या शब्दाला लोक इतके फसले नाहीत. म्हणजे डोळे वाचत असताना मेंदू मनातल्या मनात ऐकतही असतो.

मराठी माणसाने यात स्वतःची भर घातली आहे. पश्चिम दिशा आणि आतला बनियन, दोन्ही आपल्या तोंडी 'वेस्ट'. इंग्रज पहिल्या शब्दाला ओठांचा चंबू करतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवतो. आपला 'व' या दोहोंच्या मधला. हसायचं कारण नाही. पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल, हे आपणही बोलताना एकच करतो.