वखारीतल्या फळीचे धनुष्य : एका जुन्या कारागिरीची पार्श्वभूमी

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की सोलापुरात आम्ही काही हौशी मित्र आपसांत एक छोटी स्पर्धा घेणार आहोत. प्रत्येकाने लाकडाच्या वखारीतून कठीण लाकडाची एकच फळी आणायची, करवत, रंधा आणि कानस यांच्या साहाय्याने तिचे धनुष्य घडवायचे आणि त्याच धनुष्याने कडब्याच्या पेंढ्यांच्या राशीवर बाण सोडायचे, एवढ्याच अटी आहेत. हे ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, की फळीचे धनुष्य टिकते का. धनुष्य बांबूचे असते, फांदीचे असते, पण करवतीने कापलेली फळी वाकवली तर ती मोडणारच, असे सुतारकाम जाणणारी माणसेसुद्धा सांगतात. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर धनुष्याच्या इतिहासातच सापडते.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी धनुष्यात नेमके काय घडते ते सांगितले पाहिजे. धनुष्याची लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ आणि नेमबाजाकडची बाजू म्हणजे पोट. दोरी ओढली की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे तंतू दाबले जातात. बहुतेक लाकडे दाबापेक्षा ताण अधिक सोसतात, परंतु त्यासाठी पाठीवरचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जावे लागतात. तंतू मध्येच तिरपे होऊन कडेला संपले, की तिथून ढलपी उचलते आणि धनुष्य जाते. म्हणूनच जुने कारागीर ओंडका कापत नसत, तर पाचर मारून उभा फोडत असत, कारण फुटताना लाकूड आपल्या रेषेनेच फुटते. करवत रेषा पाहत नाही. फळीविषयीचा सारा अविश्वास या एका गोष्टीतून आलेला आहे.

आपल्याकडे धनुष्याच्या सामग्रीची व्यवस्थित यादी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, आयुधागाराच्या प्रकरणात मिळते. ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग अशी चार प्रकारची धनुष्ये तिथे सांगितली आहेत. ताल म्हणजे ताडाचे, चाप म्हणजे बांबूचे असा अर्थ लावला जातो, दारव म्हणजे लाकडाचे आणि शार्ङ्ग म्हणजे शिंगाचे. ज्या पंढरीच्या विठोबाला आपण शारंगधर म्हणतो, त्या नावात हेच शिंगाचे धनुष्य आहे, हे इथे सहज आठवते. त्याच ठिकाणी दोरीसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू आणि स्नायू अशी सहा द्रव्ये दिली आहेत. त्यातील अर्क म्हणजे आपली रुई, जी सोलापूरच्या कोणत्याही माळरानावर आपोआप उगवते आणि जिच्या खोडाच्या सालीतून खरोखरच चिवट धागा निघतो, आणि शण म्हणजे ताग.

सिकंदराच्या स्वारीत आलेल्या निआर्कसच्या आधाराने ग्रीक इतिहासकार एरियनने लिहून ठेवले आहे, की भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे आणि सैनिक त्याचे खालचे टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी ओढत असे. इतक्या लांबीचे धनुष्य बांबूचे किंवा अखंड लाकडाचेच असणार. पुढच्या काळात मात्र शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेल्या आखूड, संयुक्त धनुष्याची चलती झाली. घोडेस्वाराला ते सोयीचे होते. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही वर्षानुवर्षे झगडत राहिल्या, त्या काळच्या दख्खनी फौजांत हेच धनुष्य मानाचे होते. ओलसर हवेत त्याचा सरस सुटत असे, त्यामुळे मुघल काळात पोलादी धनुष्येही झाली. लाकडाचे साधे धनुष्य दरबारातून मागे पडले, तरी ते रानात राहिले आणि भाषेत राहिले. घड्याळाच्या स्प्रिंगला आपण आजही कमान म्हणतो, आणि तो मूळचा फारसी शब्द धनुष्याचाच आहे. भिल्लांचा तिरकामठा आणि कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याची धनुकली ही तर थेट त्याच कुळातली आहेत.

लाकडी धनुष्याची जगभर जी कीर्ती झाली ती इंग्लंडच्या लांब धनुष्यामुळे, आणि ते होते यू नावाच्या सूचिपर्णी झाडाचे. यूचा गाभा दाब उत्तम सोसतो आणि गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड ताण उत्तम सोसते, त्यामुळे एकाच काठीत निसर्गाने पाठ आणि पोट जोडून दिलेले असते. अशा लाकडाचे धनुष्य अरुंद आणि जाड, जवळजवळ अर्धगोल छेदाचे केले तरी चालते. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजावर यूची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली, आणि त्यांची लांबी साधारण १.८७ ते २.११ मीटर आहे.

परंतु या कीर्तीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. यू पुरत नव्हता. १४७२ साली इंग्लंडला असा कायदा करावा लागला, की बंदरात येणाऱ्या मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात धनुष्य करणाऱ्यांवर यूच्या धनुष्यांबरोबर एल्म, ॲश यांसारख्या साध्या लाकडांची धनुष्ये करण्याचीही सक्ती झाली. म्हणजे ज्या देशाने यूला मोठे केले, तिथल्या सामान्य माणसाच्या हातात बहुधा साध्या लाकडाचेच धनुष्य होते. यूशिवाय चांगले धनुष्य होत नाही, हा समज मला म्हणूनच मान्य नाही.

त्याहून मोठा पुरावा डेन्मार्कमध्ये आहे. होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली सुमारे ९००० वर्षांपूर्वीची धनुष्ये मिळाली, आणि ती एल्मची आहेत. त्यांचा आकार इंग्रजी धनुष्याच्या नेमका उलट आहे. मुठीशी ती अरुंद आणि जाड आहेत, तर हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, रुंद आणि चपटा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६६० साली एका स्थानिक आदिवासीकडून मिळालेले आणि सडबरी या नावाने ओळखले जाणारे धनुष्य हिकरी या तिथल्या झाडाच्या लाकडाचे आहे, आणि त्याचे हातही चपटे आहेत. दोन खंडांतल्या, हजारो वर्षांच्या अंतरावरच्या कारागिरांनी साध्या लाकडासाठी एकच तोडगा काढला होता.

हा तोडगा का चालतो, हे आता गणिताने सांगता येते. धनुष्याच्या हाताची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. त्याच वेळी ठरावीक वाकात तंतूंवर किती ओढ पडेल हे जाडीवर अवलंबून असते, रुंदीवर नाही. त्यामुळे मध्यम प्रतीच्या लाकडातून जोर हवा असेल, तर जाडी कमी ठेवून रुंदी वाढवावी. यूला जे निसर्गाने दिले, ते साध्या लाकडाला आकाराने मिळवून द्यावे लागते. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील हीच मुख्य गोष्ट आहे.

फळीचे धनुष्य या अर्थाने करवतीने कापलेल्या लाकडाचा वापर रूढ झाला तो धनुष्य युद्धातून जाऊन खेळात आल्यावर. इंग्लंडमध्ये १७८१ साली टॉक्सोफिलाइट सोसायटी स्थापन झाली आणि धनुर्विद्या हा मैत्रीच्या स्पर्धांचा खेळ झाला. तिथल्या कारागिरांनी उष्ण प्रदेशांतून आयात केलेली लान्सवुडसारखी घट्ट लाकडे कापून पोटासाठी घेतली आणि पाठीवर हिकरी किंवा ॲशची पातळ पट्टी चिकटवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत क्यूबाहून येणाऱ्या, लेमनवुड या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडाची धनुष्ये शाळांत आणि शिबिरांत सर्रास वापरली जात. ते लाकूड कापलेल्या चौकोनी पट्ट्यांच्या रूपातच मिळत असे.

१९३० च्या दशकात बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्याचे मोजमाप सुरू केले. धनुष्यात साठवलेली किती शक्ती बाणापर्यंत पोहोचते आणि किती हातांच्या हालचालीत वाया जाते, हे त्याने प्रयोगाने तपासले आणि आयताकृती छेदाचे चपटे हात अर्धगोल हातांपेक्षा सरस ठरतात असे दाखवले. होल्मेगार्डच्या कारागिराला जे हाताने कळले होते, ते इथे कागदावर उतरले. दुर्दैवाने या ज्ञानाचा लाकडाला लाभ व्हायच्या आतच दुसरे महायुद्ध संपले आणि फायबरग्लास आला. १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, तेव्हा स्पर्धेच्या धनुष्यातून अखंड लाकूड जवळजवळ हद्दपार झाले होते. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, ती चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर. त्या यशाचा अभिमान वाटतो, पण ते धनुष्य कोणी घरच्या अंगणात घडवू शकत नाही.

लाकडाचे पुनरागमन १९९० च्या आसपास अमेरिकेत झाले. यूचा किंवा ओसेज ऑरेंज या अमेरिकी झाडाचा चांगला ओंडका मिळत नाही म्हणून हात बांधून बसण्याऐवजी टिम बेकर आणि त्याच्या सोबत्यांनी इमारती लाकडाच्या दुकानातील रेड ओकच्या फळ्या निवडून त्यांची धनुष्ये केली, त्यांची मापे आणि वेग नोंदवले आणि १९९२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेत ही माहिती सर्वांसाठी खुली केली. फळी ६ फूट लांब आणि दीड ते दोन इंच रुंद असावी आणि तिच्या रेषा सरळ असाव्यात, एवढ्या साध्या सूत्रावर हजारो नवशिक्यांनी आपले पहिले धनुष्य केले. आमची स्पर्धा याच परंपरेतली आहे.

सोलापुरात यू नाही आणि ओसेजही नाही. वखारीत सागवान मिळतो, बाभूळ मिळते, आणि फर्निचरसाठी आयात केलेला ॲश पुण्या-मुंबईहून मागवता येतो. संस्कृतात ज्याला धनुर्वृक्ष म्हटले आहे ती धामण सह्याद्रीच्या बाजूची आहे. तिचे लाकूड चिवट म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी आणि कावडीसाठी प्रसिद्ध आहे, पण आमच्या बाजारात तिची फळी सहसा येत नाही. सागवानात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, त्यामुळे रेषा वाचणे सोपे जाते. बाभळीत ती नीट दिसत नाहीत, आणि तिथे फळीच्या पृष्ठावरील बारीक छिद्रांच्या ओळींवरून तंतूंची दिशा ओळखावी लागते.

गेल्या वर्षी मी केलेले पहिले धनुष्य सागवानाचे होते. फळी रुंद बाजूने पाहिली, रेषा सरळ होत्या, म्हणून मी ती घेतली. कडेची बाजू मात्र पाहिली नाही. वरच्या हातात, मुठीपासून वीतभर अंतरावर, रेषा तिरप्या होऊन पाठीवर येऊन संपत होत्या. दोरी वीस इंचांपर्यंत ओढली तोवर काही जाणवले नाही. पुढच्या ओढीला आधी एक बारीक टिचल्यासारखा आवाज आला, मग पाठीवर नखाएवढी ढलपी उभी राहिली, आणि मी दोरी सैल सोडेपर्यंत ती ढलपी चार बोटे लांब झाली होती. मोडलेला तो भाग मी जपून ठेवला आहे. फूट नेमकी त्या तिरप्या रेषेवरून गेली आहे, आणि लाकडाने आपला मार्ग आधीच आखून ठेवला होता हे त्यात स्वच्छ दिसते. आमच्या गल्लीत जुन्या मागांची लाकडी दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींना तो दाखवला, तेव्हा त्यांनी काही न बोलता आपल्याकडची एक पट्टी उचलली आणि आधी रुंद बाजू, मग कड, मग टोक अशी तीन ठिकाणी बोट फिरवून दाखवली. धोट्याला ठोका देणारी काठी निवडताना ते हेच करतात.

म्हणून स्पर्धेच्या नियमांत या वेळी दोन गोष्टी नव्याने घातल्या आहेत. प्रत्येक फळी तिन्ही बाजूंनी सर्वांसमोर तपासली जाईल, आणि पाठीवर सुती किंवा तागाचे कापड अथवा बांबूची पातळ पट्टी चिकटवायला परवानगी असेल, कारण अशी पाठ तुटक तंतूंना धरून ठेवते आणि जुन्या कारागिरांनीही ती वापरलेली आहे. कापडाची या शहराला वाण नाही. दोरीसाठीही बाजारात मिळणारे मजबूत सूत पीळ देऊन वापरायचे ठरले आहे, आणि एकाने हौसेने रुईचा धागा काढायला घेतला आहे.

राहता राहिला हवेचा प्रश्न. धनुष्याच्या लाकडात साधारण ८ ते १० टक्के ओलावा असावा. त्याहून ओले असले तर ते वाकून तसेच राहते आणि फार कोरडे झाले तर टिचते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत लाकूड हवे त्यापेक्षा अधिक सुकते, म्हणून फळ्या उन्हाळ्यात घेऊन, पावसाळा घरात काढू देऊन, दिवाळीनंतर रंधा लावायचे ठरले. माझी नवी फळी बाभळीची आहे. ती सध्या माजघरात दोन खुंट्यांवर आडवी ठेवली आहे, आणि दर रविवारी तिचे वजन करून तिच्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवतो. गेले तीन रविवार तो आकडा बदललेला नाही.