खुलासा: ‘ट्रायकॅच’ने वॉर्निंग पकडली की हिशोब पुढे चालू राहतो?

आर ही आकडेवारीच्या कामाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना सर्रास सांगितलं जातं की ‘ट्रायकॅच’मध्ये (कोड चालताना आलेल्या वॉर्निंग किंवा एरर पकडणाऱ्या फंक्शनमध्ये) वॉर्निंग पकडा, संदेश छापा, उरलेलं काम आपोआप पूर्ण होईल. हे चूक आहे.

1000 नोंदींचा रकाना ‘ॲज.न्यूमेरिक’ने आकड्यांत बदलताना एका जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं निघालं, तर आर वॉर्निंग देतं, त्या जागी ‘एनए’ (मूल्य उपलब्ध नसल्याची खूण) ठेवतं आणि उरलेले 999 आकडे शाबूत परत करतं. हेच ‘ट्रायकॅच’मध्ये घालून वॉर्निंगसाठी हँडलर (वॉर्निंग आल्यावर चालणारं फंक्शन) दिला, तर वॉर्निंग येताक्षणी आतलं काम अर्धवट सोडलं जातं आणि हँडलर जे देईल तेच उत्तर ठरतं. हँडलरमध्ये नुसता ‘मेसेज’ (संदेश छापणारं फंक्शन) असेल तर हाती ‘नल’ म्हणजे रिकामं उत्तर येतं. 999 बरोबर आकडेही जातात. लोकांच्या विदेचं असं नुकसान खरंच टाळता येतं.

वॉर्निंगची नोंद ठेवून काम पुढे न्यायचं असेल तर ‘विथकॉलिंगहँडलर्स’ वापरा आणि हँडलरच्या शेवटी ‘मफलवॉर्निंग’ हा रीस्टार्ट (वॉर्निंग न दाखवता थांबल्या जागेपासून काम पुढे नेण्याची सोय) बोलवा. वॉर्निंग दडपणारं ‘सप्रेसवॉर्निंग्ज’ हे फंक्शन आतून हेच करतं, फक्त नोंद न ठेवता. एररचं मात्र वेगळं: ‘स्टॉप’ने फेकलेल्या एररनंतर त्याच ओळीपासून पुढे जाण्याची सोय नसते, तिथे ‘ट्रायकॅच’च योग्य.